पहिलटकर पालकांसाठी : सीईटी, जेईई की नीट?

ज्यांचं थोरलं अपत्य यातून पार पडलं आहे त्यांनी हे वाचू नये, उगाच जुनी दुखणी वर येतील.

साहित्य : दहावी झालेलं एक मूल, क्लासवाल्यांची पाच-सहा चकचकीत पत्रकं आणि लातूरला राहणारा एक नातेवाईक. असा नातेवाईक नसल्यास लातूरला जाऊन आलेला चालेल.

आधी मुलाचा कल ओळखा. पाचवीत मिक्सर उघडला असेल तर इंजिनिअर, झुरळ हाताने धरलं असेल तर डॉक्टर. मिक्सर परत जोडता आला होता का, हे विचारायची पद्धत नाही.

सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत उरकायचे, म्हणजे एकाला 54 सेकंद. तेवढ्यात आपल्याला चष्मा सापडत नाही. गणिताच्या 50 प्रश्नांना वेगळी 90 मिनिटं, पण 200 पैकी 100 गुण त्यातच. चुकलं तरी गुण कापत नाहीत. तेव्हा गणित पक्कं, हात चपळ आणि शेवटच्या मिनिटाला उरलेली उत्तरं बिनदिक्कत ठोकून देणारं मूल असेल तर सोनंच.

जेईई मेनची प्रकृती निराळी. तीन तासांत 75च प्रश्न. बरोबर आलं तर चार गुण, चुकलं की एक वजा. इथे हुशारीइतकीच सोडून देण्याची कला लागते. घरातल्या भांडणात शेवटचा शब्द आपलाच हवा असा हट्ट धरणारं मूल एका गणितावर वीस मिनिटं घालवून बसतं. (हा गुण कोणत्या घराण्याकडून आला यावर चर्चा नको.) मेनमधून वर निघालेल्यांना ॲडव्हान्स्ड : एकाच दिवशी तीन-तीन तासांचे दोन पेपर, आणि गुण कसे द्यायचे-कापायचे हे त्या दिवशीच कळतं. ज्याला ऐनवेळी पाहुणे आले तरी घाम फुटत नाही, त्याचं हे काम.

नीटला 180 मिनिटांत 180 प्रश्न, उत्तरपत्रिकेवर पेनाने गोल काळे करायचे. त्यातले 90 बायोलॉजीचे, म्हणजे 720 पैकी 360 गुण. पाठांतर चांगलं असेल तर अर्धं मैदान मारलं. मात्र ‘गणित नको म्हणून डॉक्टर’ हा हिशेब करणाऱ्यांनी जरा थांबावं. फिजिक्सचे 45 प्रश्न तिथेही ठाण मांडून आहेत आणि चुकलं की इथेही एक गुण वजा.

नक्की ठरत नसेल तर आपल्याकडे एक रामबाण आहे : गणित-बायोलॉजी दोन्ही ठेवणे. मग सीईटी दोन्ही ग्रूपची, शिवाय जेईई, शिवाय नीट. चारही दारं उघडी राहतात आणि पोर दोन वर्षं चार उंबऱ्यांवर उभं असतं.

मुलाला विचारणं ही पायरी ऐच्छिक आहे. पण एखाद्या रविवारी तिन्ही परीक्षांपैकी एकेकीचा जुना पेपर घड्याळ लावून सोडवायला द्यायला हरकत नाही. एका रविवारी एकच. गुण नंतर मोजा. अडलेल्या प्रश्नापाशी ते थबकतं, पुढे सरकतं की ठोकून देतं, एवढंच दुरून बघा. तेवढा वेळ टीव्ही बंद. जोडीला आपणही एक पेपर घेऊन बसा. चौथ्या प्रश्नाला फोन आल्याचं निमित्त करून गॅलरीत गेलात तरी चालेल.