नेत्याची रील कशी कापावी

कच्च्या मालासाठी भंडाऱ्याबाहेर जायची गरज नाही. साकोलीचे आमदार नानाभाऊ पटोले १ जुलै २०२५ ला विधानसभेत थेट अध्यक्षांच्या आसनापर्यंत चढले आणि दिवसभरासाठी निलंबित झाले. आमदार बबनराव लोणीकर आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे शेतकऱ्यांबद्दल जे बोलले, त्यावरून हा सगळा गोंधळ. नवशिका इथंच फसतो, तो अख्खं कामकाज ऐकत बसतो. तुम्ही आधी आवाज बंद करा. हात किती वर गेला, मान कुठं वळली, तेवढंच बघा. सात सेकंद भरपूर झाले.

आता कापणी. सगळ्यात आधी शेतकरी कापा. धानाचा बोनस, राजीव गांधींच्या हस्ते १९८८ मध्ये पायाभरणी होऊन दशकानुदशकं रखडलेला गोसीखुर्द धरण प्रकल्प, असलं काही मागे राहिलं तर रील जड होते. नानाभाऊ स्वतः त्याच आसनावर अध्यक्ष म्हणून बसलेले आहेत, हेही सांगू नका. बघणारा विचारात पडतो, आणि विचारात पडलेला माणूस फॉरवर्ड करत नाही.

लाजू नका, हे जगभर चालतं. २००० साली अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या वादचर्चेत उमेदवार अल गोर उसासे टाकत राहिले. लोकांना उसासे आठवतात, करांवरचा वाद कुणाला आठवतो?

मग खुलाशाची वाट बघा. मूळ वाक्यापेक्षा खुलासा जास्त चालतो. जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात नानाभाऊंचं मोदींना मारण्याबद्दलचं वाक्य व्हायरल झालं. भाऊंनी सांगितलं, तो मोदी म्हणजे इथला एक गावगुंड. मीम करणाऱ्यांची पुढची कामं आपोआप निघाली.

रील विरोधकांच्या ग्रुपवर टाकून वाया घालवू नका, ते हसून मोकळे होतात. भाऊंच्याच कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर ‘बघा, कशी बदनामी चालली आहे’ असं लिहून सोडा. संतापाच्या भरात तेच ती गावोगाव पोचवतील. ‘एका रीलनं काय होते गा?’ असं कुणी म्हटलं, तर २०२४ चा साकोलीचा निकाल दाखवा. भाऊ २०८ मतांनी निवडून आले.

एक धोका मात्र आहे. टपरीवर सगळे खिदळत असताना कोपऱ्यातला एखादा धानवाला विचारतो, ‘थे ठीक आहे गा, पण भाऊ बोलत कायच्यावर होते?’ अशा वेळी बॅटरी संपल्याचं सांगावं, चहाचे पैसे त्याच्याच नावावर लिहायला लावावे आणि गाडीला किक मारावी.