फाईल समोर आहे, मामा

रात्री साडेअकराला मुरबाडहून भाच्याचा फोन आला. आमच्या शहापुरात या वेळेला फोन वाजला की माणूस आधी चप्पल शोधतो आणि मग फोन उचलतो. सुदैवाने कुणी गेलेलं नव्हतं.

"मामा, फाईल सापडत नाही म्हणतोय."

"कोण?"

"कॉम्प्युटर."

"आणि फाईल कुठाय?"

"समोर आहे!"

मला एकदम घरच्यासारखं वाटलं. कॉम्प्युटरमधलं ओ की ठो मला कळत नाही, पण हा आजार ओळखीचा होता.

भाच्याने गावच्या ग्रामसभेचं मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं होतं. चाळीस मिनिटं. ते यंत्राने ऐकावं आणि प्रोसिडिंग आपोआप लिहून द्यावं, एवढीच त्याची इच्छा. त्यासाठी २०२२ साली सगळ्यांना फुकट खुलं झालेलं 'व्हिस्पर' नावाचं सॉफ्टवेअर त्याने निवडलं. व्हिस्पर म्हणजे कुजबुज. आमच्या ग्रामसभा ज्यांनी ऐकल्यात त्यांनी इथे हसून घ्यावं.

पहिल्या रात्री त्याने नुसतं 'व्हिस्पर' असं नाव टाकून मागवलं. त्याच नावाचं दुसरंच काहीतरी आलं, आलेखांचे आकडे साठवून ठेवणारं. एकही एरर न देता आलं. नामसाधर्म्यावर काम किती सुरळीत होतं, हे सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव निघालेल्यांना मी काय सांगू! दुसऱ्या रात्री कळलं की त्याच्याकडचा 'पायथन', म्हणजे व्हिस्पर ज्याच्यावर चालतं तो, जास्तच नवा आहे, सोबतच्या 'नुंबा' नावाच्या जोडीदाराला तो झेपत नाही, जरा जुना आणा. तिसऱ्या रात्री 'टॉर्च' नावाची वस्तू उतरवायची होती, शे-दोनशे एमबीची. ती ऐंशी टक्क्यांवर आली आणि लाईट गेली. लाईट गेली की आमच्याकडे टॉवरही जातो. मग पोरगा अंधारात टॉर्च शोधत बसला. खरी, सेलवाली.

मधल्या काळात डोंबिवलीच्या दाजींना फोन झाला. प्रत्येक घरात असा एक जावई असतो. ऐरोलीला नोकरी, गळ्यात कार्डाची दोरी. दाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्याकडे तर चालतंय." बस. वैद्याने नाडी धरावी आणि म्हणावं, माझी तर ठीक आहे!

तर चौथी रात्र. सगळं उतरलं, सगळं बसलं, आणि यंत्र म्हणालं, फाईल सापडत नाही. भाच्याने फाईलचं नाव बदललं. जागा बदलली. डेस्कटॉपवर ठेवली, मग सी ड्राइव्हच्या अगदी दारात नेऊन ठेवली, नावातली मराठी अक्षरं काढून इंग्रजी घातली. तरी तेच. पोरगा रडकुंडीला आला होता. मी मात्र गादीवर मांडी घालून बसलो, कारण आता माझा विषय सुरू झाला होता. वारसनोंदीसाठी एका कचेरीत मी अकरा खेपा घातल्यात. कुठली ते विचारू नका, अजून काम व्हायचंय. अकराही वेळा मला सांगितलं गेलं की फाईल सापडत नाही. सातव्या खेपेला ती फाईल मला दिसत होती. हिरवा दोरा, वर माझ्या आजोबांचं नाव, आणि त्यावर सांगणाऱ्याचा चहाचा कप. मी बोट दाखवलं. ते म्हणाले, "ती दिसते हो, पण सापडत नाही." बाहेर आल्यावर शिपायाने उलगडा केला: ज्यांनी फाईल उघडायची ते साहेब ट्रेनिंगला गेलेत, आणि 'साहेब नाहीत' असं सांगायचं नाही असा तोंडी आदेश आहे, म्हणून फाईल नाही असं सांगतात. हे आठवलं आणि मी भाच्याला म्हणालो, "बाळा, फाईल जागेवर आहे. ती उघडणारा माणूस जागेवर नाही. त्याला शोध."

आणि तसंच निघालं! आवाजाची फाईल उघडून देणारा 'एफएफएमपेग' नावाचा कारकून त्या कॉम्प्युटरवर नव्हताच. यंत्राला तो सापडत नव्हता आणि बोंब फाईलच्या नावाने चालली होती. कारकून आणला. तरी फाईल सापडेना. कारण नुसता आणून भागत नाही, 'पाथ' नावाच्या यादीत तो कुठे बसतो ते लिहावं लागतं. माणूस हजर, पण हजेरीपटावर नाव नाही. यादीत नाव घातलं. तरीही सापडेना! कारण यादी बदलली की हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी बंद करून पुन्हा उघडावी लागते. हे ज्याने बनवलं त्याने उमेदवारी कुठल्या तालुक्यात केली असेल, याचा मला अंदाज आहे.

पहाटे यंत्र चालू झालं आणि चाळीस मिनिटांची ग्रामसभा इंग्रजीत आली. कारण हे सॉफ्टवेअर पहिल्या तीस सेकंदांवरून भाषा ठरवतं, आणि आमच्या सभेची पहिली तीस सेकंदं म्हणजे "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री." मग भाषा मराठी आहे असं त्याला हाताने लिहून सांगितलं. त्याचा तरी काय दोष? त्याची मूळ तालीम ६ लाख ८० हजार तासांची. त्यात ऐकलेली मराठी मराठीतच उतरवण्याचा सराव किती, तर एक तासही नाही. आमच्याकडे कोरम भरायला याहून जास्त वेळ लागतो. आणि त्या तासाभरात आगरी, कुणबी, ठाकरी बोलणारं कोण असणार!

एका आजीचं बोलणं होतं. "दोन महिनं झालं, पानी नाय." यंत्राने लिहिलं, "पाणी न्याय." ती जितक्या वेळा बोलली तितक्या वेळा तेच. सात वेळा. भाचा खोडायला निघाला होता, मी हात जोडले.

न्यायाचं म्हणाल तर, तानसाचं धरण १८९२ चं. तेव्हापासून शहापूरचं पाणी मुंबईला जातंय. नंतर भातसा आलं, आणि आज मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा त्या एकट्याचा. मुरबाडची गावं बारवीच्या पाण्याखाली गेली आणि पाणी गेलं कल्याण-डोंबिवलीकडे. धरणाच्या भिंतीवरून दिसतील अशा आमच्या पाड्यांवर मार्च उलटला की बायका टँकरच्या पाइपाखाली हंड्यांची रांग लावतात. ज्याच्यावाचून सॉफ्टवेअर चालत नाही त्याला म्हणे डिपेंडन्सी म्हणतात; डिपेंडन्सी, डिपेंडन्सी म्हणून हा पोरगा चार रात्री डोकं फोडत होता. अरे, डिपेंडन्सी आम्ही आहोत! कुठल्याही यादीत आमचं नाव नाही, आणि आम्ही हललो तर अख्खी मुंबई तोंड न धुता ऑफिसला जाईल. मागे उन्हाळ्यात मी सहज दाजींना विचारलं होतं, पाण्याचं काय? ते म्हणाले, "आमच्याकडे तर येतंय."

असो. आवाज चढला.

आजीचं बोलून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "उत्तर द्या." त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये दीड मिनिट काहीही नाही. फक्त पंखा. आता या यंत्राला एक खोड आहे. शांतता सहन झाली नाही की ते मनाचं काहीबाही लिहितं. त्या दीड मिनिटाच्या जागी त्याने लिहिलं होतं, "पाहिल्याबद्दल सर्वांचे आभार."

"मामा, हे तरी खोडू ना?"

"प्रोसिडिंगचा शेवट आभारानेच असतो रे. छापून घे आणि सह्यांना पाठव."

"सह्या आधीच झाल्यात, मामा. आत जातानाच घेतात."