ब्राउझरचा संशयी स्वभाव

जावास्क्रिप्टमधला व्हिडिओचा डेमो म्हटला की पडद्यावर दोघांपैकी एक जण हमखास दिसतो: एक लठ्ठ करडा ससा, नाहीतर डेव्हलपरचं स्वतःचं तोंड.

सशाचं नाव बिग बक बनी. ब्लेंडर फाउंडेशनने २००८ साली हा जेमतेम दहा मिनिटांचा ॲनिमेशनपट काढला आणि 'आमचं नाव द्या, मग खुशाल वापरा' अशा परवान्याखाली जगाला देऊन टाकला. कॉपीराइटची नोटीस येण्याची धास्ती नाही, म्हणून देशोदेशीच्या डेमोंमध्ये हाच ससा बिळातून आळस देत बाहेर येतो. पुढे तो तीन टारगट प्राण्यांचा चांगला समाचार घेतो, पण ते डेव्हलपर मंडळींना ठाऊक असायचं कारण नाही. त्यांचं लक्ष बफरिंगच्या चक्राकडे. ससा हलला की टॅब बंद.

सशाचा डेमो तसा गरीब स्वभावाचा. ॲपलने २००९मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत व्हिडिओचे छोटे तुकडे पाडतात आणि त्यांची यादी एका साध्या फाइलीत ठेवतात. प्लेअर यादी वाचून तुकडे उचलतो आणि जोडत जातो. सफारीला ही यादी आपसूक कळते, इतरत्र एचएलएस.जेएस ही लायब्ररी कामाला येते. तुकडा सहा सेकंदांचा धरला आणि सुरुवातीला तीन हाताशी ठेवले, की अठरा सेकंदांची उधारी तिथेच झाली. मोबाइलवर मॅच बघणाऱ्याला विकेट पडल्याचं शेजारच्या घरातल्या आरड्यावरून आधी कळतं, त्यामागे असाच हिशेब असतो.

खरा तमाशा स्वतःचं तोंड दाखवायच्या डेमोत, म्हणजे वेबआरटीसीत. गूगलने २०१०मध्ये ग्लोबल आयपी सोल्यूशन्स ही कंपनी घ्यायचं ठरवलं आणि २०११मध्ये वेबआरटीसीचा कोड खुला केला; डब्ल्यूथ्रीसीचा अधिकृत शिक्का बसायला मात्र जानेवारी २०२१ उजाडलं. एका ब्राउझरमधून दुसऱ्यात थेट चित्र आणि आवाज, प्लगइनची भानगड नाही. कॅमेरा सुरू करण्याचा कोड तर चार ओळींचा.

मग दिवस जातो कुठे? ब्राउझरची समजूत काढण्यात.

डेव्हलपरच्या लॅपटॉपवर, लोकलहोस्ट या पत्त्यावर, सगळं झकास चालतं. हुरूप येऊन तो तेच पान मोबाइलवर उघडतो. आता पत्ता १९२.१६८ने सुरू होणारा, पुढे साधं एचटीटीपी. ब्राउझर इथे 'कॅमेरा देणार नाही' असंही म्हणत नाही. 'मीडिया डिव्हायसेस' म्हणून काही वस्तू असते हेच तो नाकारतो. कन्सोलमध्ये कोरडं 'अनडिफाइंड'. एचटीटीपीएस हवं म्हणून घरच्या घरी सर्टिफिकेट बनवावं, तर तो सगळ्या पडद्यावर धोक्याची पाटी लावतो. राग येतो खरा, पण बाजू ब्राउझरचीच बरोबर. कुठल्याही आगंतुक पानाला विनातक्रार आपल्या घरात डोकावू देणारा ब्राउझर कुणाला हवाय?

कॅमेरा मिळाला की पुढचा पेच: दोन टोकं जोडायची. त्याआधी दोन ब्राउझरांच्या पत्रिका जुळाव्या लागतात. एक 'ऑफर' पाठवतो, दुसरा 'आन्सर'. कोणाला कोणता कोडेक समजतो ते सगळं त्यात मांडलेलं. पत्रिका कशी लिहायची याचे नियम बारकाईने दिले आहेत. ती नेऊन कोणी द्यायची, याबद्दल मात्र प्रमाण मुद्दाम गप्प आहे. मध्यस्थ ज्याचा त्याने शोधावा. वेबसॉकेटचा सर्व्हर लिहा नाहीतर कबुतर पाठवा. वेबआरटीसीच्या अधिकृत नमुना डेमोने यावर नामी तोड काढली आहे: वधू आणि वर एकाच पानावर बसवलेत. 'कॉल' दाबलं की डाव्या चौकटीतलं तोंड उजव्या चौकटीत. बघणारा म्हणतो, वा, काय स्पष्ट दिसतंय!

आपला डेव्हलपर एकाच लॅपटॉपवर दोन टॅब उघडून तेच करतो, तेव्हा एकीचा स्पीकर माइकमधून दुसरीत शिरतो, तिथून परत पहिलीत, आणि खोलीत अशी काही शिट्टी घुमते की पलीकडच्या टेबलावरचे हेडफोन काढून बघतात. तो घाईघाईने दोन्ही व्हिडिओंना 'म्यूटेड' लावतो. शांतता. शिवाय क्रोमने २०१८पासून आवाजासकट आपोआप वाजणाऱ्या व्हिडिओंना लगाम घातलाय. मुक्याला आडकाठी नाही. एका शब्दात दोन कटकटी मिटल्या, म्हणून तो खूश.

आणि मग क्लायंटचं ऑफिस. डेमोच्या कोडमध्ये कुठूनतरी उचललेला गूगलचा फुकट स्टन सर्व्हर असतो. तो फक्त 'बाहेरून तुझा पत्ता असा दिसतो' एवढंच सांगतो. ऑफिसच्या फायरवॉलने थेट वाट अडवली असेल तर टर्न सर्व्हर लागतो. तो अख्खा व्हिडिओ स्वतः वाहून नेतो, म्हणून त्याचं बिल येतं, म्हणून तो डेमोत नसतो. उजवी चौकट काळी. 'काल चालत होतं' हे वाक्य बोलून होतं. लॅपटॉप आणि फोन, दोन्ही कुणाच्यातरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चढवले जातात आणि अखेर काळ्या चौकटीत एक तोंड उगवतं, ओठ हलवत.

"छान," क्लायंट म्हणतो, "पण आवाज का येत नाही?"