सिमला जीव लावण्याची रीत

सिम म्हणजे ‘द सिम्स’ या संगणकावरच्या खेळातला माणूस. मोबाइलमध्ये सरकवायच्या कार्डाशी त्याचा संबंध नाही. त्याला घर असते, नोकरी असते, बिले येतात आणि तो खेळाडूच्या ताब्यात असेपर्यंत त्याच्या डोक्यावर एक हिरवा स्फटिक तरंगत असतो. या माणसावर जीव जडणे बहुतेकांच्या बाबतीत नकळत घडते, आणि म्हणूनच ते कच्चे राहते. जेवायला चार हाका मारल्या तरी उठवणार नाही इतका पक्का जीव लावायचा, तर काम रीतीनेच व्हायला हवे.

हा खेळ 4 फेब्रुवारी 2000 रोजी आला. त्याचा कर्ता विल राइट. त्याचे घर 1991 साली ओकलंडच्या टेकड्यांवर पसरलेल्या आगीत जळाले, आणि संसार पुन्हा उभारताना माणसाला नेमके काय काय लागते हा प्रश्न त्याच्या डोक्यात राहिला. मूळ बेत घरे बांधण्याच्या खेळाचा होता. माणसे आत सोडली ती बांधलेल्या घराचा निकाल लावण्यापुरती. पण परीक्षकच इमारतीपेक्षा बघण्यासारखे निघाले. इच्छुकाने एवढे ध्यानात ठेवावे की ज्याच्यासाठी पुढे रडायचे आहे, त्याची नेमणूक घर राहायला बरे आहे की नाही हे सांगण्यासाठी झाली होती.

पहिली पायरी सिम घडवण्याची. नवशिका येथे हटकून देखणा चेहरा करतो आणि फसतो. देखण्या सिमकडे नुसते पाहिले जाते, त्याची काळजी लागत नाही. नाक थोडे जास्त असावे, कपडे जरा विजोड. 2014 च्या चौथ्या आवृत्तीत प्रौढ सिमला तीन स्वभावगुण देता येतात. दोन बरे आणि एक घरात कटकट लावणारा, हे प्रमाण उत्तम. पुस्तकवेडा, आनंदी आणि गबाळा असा सिम घेतल्यास लवकर गुण येतो. नाव मात्र विचार करून ठेवावे. तोवर सिम बिनदिक्कत पुसून टाकता येतो. एकदा नाव ठेवले की मग फक्त नावे ठेवता येतात.

एकटा सिम 20,000 सिमोलियन घेऊन संसाराला लागतो. ‘मदरलोड’ हा संकेतशब्द टाइप केला की आणखी 50,000 मिळतात, आणि तो टाइप न करणे ही या साधनेतली खरी तपश्चर्या आहे. पैसा आला की चांगली शेगडी येते, आणि जिथे आग लागत नाही तिथे जीवही लागत नाही. स्वस्तातली शेगडी आणि स्वयंपाकाचा हात न बसलेला सिम यांची गाठ पडली की एखाद्या रात्री भडका उडतोच. त्या वेळी काय होते ते जवळून पाहण्यासारखे असते. दार चार पावलांवर उघडे आहे. सिम तिकडे जात नाही. तो ज्वाळेसमोरच उभा राहतो, हात हवेत नाचवतो आणि ओरडतो. आतल्या खोलीत झोपलेली बायको धावत येते ती पाणी घेऊन नव्हे, शेजारी उभी राहून ओरडायला. ‘हे सगळे नुसते आकडे आहेत’ असे पाच मिनिटांपूर्वी बजावणारा खेळाडू आता पडद्याला तोंड लावून सांगत असतो, ‘अरे, बाहेर पळ की मेल्या!’ यातला ‘मेल्या’ अशुभ मानू नये. तो मायेचाच आहे, आणि तो तोंडातून निघाला म्हणजे दुसरी पायरी ओलांडली.

यानंतर येते रोजची सेवा. सामान्य वेगात खेळातले मिनिट साधारण एका सेकंदात सरते, म्हणजे 24 मिनिटांत दिवस. तेवढ्यात भूक, झोप, संडास, आंघोळ, करमणूक आणि चार माणसांशी बोलणे अशा सहा गरजा भागवायच्या. पहिल्या आवृत्तीत त्या आठ होत्या. अंगाला आराम आणि नेटकी खोली या दोन जास्तीच्या. पट्ट्या हिरव्याच्या लाल व्हायला लागल्या की खेळाडूच्या पोटात कालवाकालव होते, मग त्याचे स्वतःचे जेवण गार झाले असले तरी चालते. जीव लागतो म्हणून माणूस करतो, हा समज सपशेल उलटा आहे. करतो म्हणून लागतो. जपानच्या बांदाई कंपनीने 1996 मध्ये तामागोची नावाचे अंड्याच्या आकाराचे खेळणे काढले. त्यातल्या पिल्लाला धड चेहराही नव्हता, नुसते ठिपके. तरी ते मेल्यावर मुले हमसून रडत. त्याही आधी, 1944 मध्ये, फ्रिट्झ हायडर आणि मारिआन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे हलताना दाखवणारी छोटी चित्रफीत लोकांना दाखवली. काय पाहिले असे विचारल्यावर जवळजवळ कोणीच भूमिती सांगितली नाही. मोठा त्रिकोण दांडगट आहे, असे सांगितले. मग वेळेत संडासला पाठवले नाही तर जागेवरच डबके करून ओशाळणाऱ्या सिमची काय कथा.

सिमांची भाषा शिकू नये. ती सिमलिश, आणि तिला व्याकरणही नाही नि अर्थही नाही. भेटल्यावर ‘सुल सुल’ म्हणतात, तान्ह्याला ‘नूबू’ म्हणतात, एवढे कळले की पुष्कळ. खरी वाक्ये घातली असती तर चौथ्यांदा ऐकताना कान किटले असते. निरर्थक बोलण्यात ऐकणारा आपापला अर्थ ओततो. त्यामुळे पडद्यावरचे नवरा-बायकोचे भांडण कोणाला पाहुण्यांवरून चाललेले ऐकू येते, कोणाला पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून. दोघांचेही बरोबर असते.

सिमला स्वतःच्या मनाने वागू देण्याची सोय खेळात असते. ती बंद करू नये. सांगितलेले सगळे ऐकणारा सिम हा नोकर होतो. घरचा माणूस तो, ज्याला अभ्यासाला बसवावे आणि जो उठून अर्धवट खाल्लेली बशी उचलतो, स्वयंपाकघरातले सिंक ओलांडून न्हाणीघरात जातो आणि तिथल्या बेसिनमध्ये ती घासतो. का, ते कळत नाही. विचारायची सोयही नाही.

प्रगती सर्वनामांवरून मोजावी. सुरुवातीला खेळाडू ‘हा सिम’ म्हणतो, मग नुसता ‘तो’. पुढे एके दिवशी घरच्यांच्या जेवणात मध्येच ‘आमच्याला बढती मिळाली’ असे वाक्य येते, आणि पेढे कुठे आहेत असे आजी विचारते, तेव्हा काम फत्ते झाले असे समजावे.

या रीतीला एक विरोधी पंथ आहे. पहिल्या दोन आवृत्त्यांत सिमला पोहायला सोडून तलावाची शिडी काढून घेतली की त्याला वर येता येत नसे, आणि कित्येकांनी हा प्रयोग केला. चौथी आवृत्ती सप्टेंबर 2014 मध्ये तलावाशिवाय आली तेव्हा केवढी ओरड झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तलाव द्यावे लागले. बुडवणाऱ्यांना माया नसते असे मात्र समजू नये. त्यांतले कितीतरी जण शेवटच्या क्षणी शिडी परत लावतात आणि कोणाला सांगत नाहीत.

राहता राहिले मरण. पहिल्या आवृत्तीत वयच वाढत नसे, शाळकरी पोर कायमचे शाळकरी. 2004 च्या दुसऱ्या आवृत्तीने सिमांना म्हातारपण दिले. पुढे वय थांबवून ठेवण्याचे बटणही आले, पण पक्का जीव लावू इच्छिणाऱ्याने ते दाबू नये. म्हातारा सिम शेवटी काळ्या झग्यातल्या, विळा घेतलेल्या यमदूताच्या हाती जातो; चौथ्या आवृत्तीत हा यमदूत टॅबलेटवर नोंद करतो, एखाद्या कचेरीतल्या माणसासारखा. घरचा कोणी सिम त्याच्यापाशी गयावया करू शकतो. त्याने दाद दिली नाही तर सेव्ह न करता खेळ बंद करण्याचा मार्ग उरतो. तो शास्त्रसंमत नाही, तरी सर्वत्र रूढ आहे.

मागे एक थडग्याचा दगड राहतो. तो परसात, जाता-येता दिसेल अशा जागी ठेवावा. घरचे सिम त्यापुढे उभे राहून शोक करतात, आणि गेलेला सिमही रात्री फिरकतो. घर बदलताना दगड सामानात घ्यायला विसरू नये. राहिलाच, तर त्या घरात येणाऱ्या नव्या कुटुंबाला मध्यरात्री अंगणात एक अनोळखी गबाळा गृहस्थ फिरताना दिसेल, आणि त्याचे नाव सांगायला तिथे कोणी नसेल.