बॅटरी नीट धर

मराठी घरात कुठलीही दुरुस्ती एकट्या माणसाने केल्याचं मी पाहिलेलं नाही. एक जण दुरुस्ती करतो आणि दुसरा बॅटरी धरतो. करणाऱ्याचं कौतुक होतं, धरणाऱ्याला बोलणी बसतात. फ्यूज उडू दे, पंप बसू दे, टाकीचा फ्लोट अडकू दे, एक इसम कोपऱ्यात अवघडून उभा असतो आणि ‘इकडे रे, माझ्या हातावर नको, हाताच्या खाली’ असले आदेश झेलत असतो. बॅटरी कशीही धरली तरी ती चुकीचीच असते, कारण आपण नेमकं काय शोधतोय हे करणाऱ्यालाही ठाऊक नसतं. या इसमाची कैफियत कोणीतरी मांडायला हवी होती. ते काम माझ्याकडेच यावं हे बरं झालं. कारण डेट्रॉइटच्या एका उपनगरात, आमच्या बेसमेंटमध्ये, गॅसच्या फर्नेससमोर मी वर्षानुवर्षं बॅटरी धरत आलो आहे. दुरुस्ती बायको करते.

मी मेकॅनिकल इंजिनीअर असल्यामुळे हे काम तिच्याकडे जाणं स्वाभाविक होतं. इंजिनीअर माणूस बंद पडलेल्या यंत्रासमोर उभा राहिला की आधी कारणमीमांसा करतो. बायको कॉमर्सची. तिने यंत्राबरोबर आलेलं पुस्तक वाचलं.

ज्यांनी फर्नेस पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कपाटाहून जरा बुटकं असं पत्र्याचं खोकं. त्यात गॅस जळतो, जळालेला वायू धातूच्या बंद नळ्यांमधून फिरून घराबाहेर जातो आणि त्या तापलेल्या नळ्यांवरून एक मोठा पंखा घरातली हवा ढकलतो. ती गरम हवा पत्र्याच्या बोगद्यांतून प्रत्येक खोलीच्या जाळीतून वर येते आणि गार झाली की दुसऱ्या जाळीतून पुन्हा खाली जाते. थोडक्यात, सगळं घर एकच हवा दिवसभर वाटून घेतं. त्यामुळे स्वयंपाकघरात लसणाची फोडणी पडली की पाचव्या मिनिटाला ती वरच्या मजल्यावर मुलीच्या कपाटातल्या कोटात असते. फिल्टर धूळ अडवतो, फोडणी नाही.

गॅसवर सगळं घर तापवण्याच्या अशा एका योजनेचं पेटंट न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय बाईंना २३ डिसेंबर १९१९ रोजी मिळालं. ही माहिती बायकोने कुठूनशी मिळवली आणि पाठ केली. ‘हे खातं मुळात आमचंच आहे, तू बॅटरी धर,’ हा युक्तिवाद तेव्हापासून कायम झाला.

फर्नेसच्या देखभालीतलं मोठ्यात मोठं काम म्हणजे फिल्टर बदलणं. ते इतकं सोपं आहे की त्यावर माणसं वाद घालू शकतात. फिल्टरवर १६ गुणिले २५ गुणिले १ इंच असं छापलेलं असतं आणि मोजलं तर तो सगळीकडून थोडा कमी भरतो. कडेला एक बाण असतो. बाणाचं तोंड हवा जाते तिकडे, म्हणजे फर्नेसकडे. आमच्या मंडळातले एक गृहस्थ मुलाच्या ॲलर्जीसाठी दुकानातला सगळ्यात भारी, सगळ्यात दाट विणीचा एक इंची फिल्टर आणून बसवतात आणि मग फर्नेस मध्येच बंद पडते म्हणून चिडतात. हवा पुरेशी आत आली नाही की नळ्या नको तितक्या तापतात आणि आतला एक स्विच मुकाट्याने गॅस तोडतो. त्यांना हे बायकोने दोनदा समजावलं. ‘पण वहिनी, महाग आहे तो!’ असं त्यांचं उत्तर. ज्या फिल्टरला इतके पैसे मोजले तो गैरसोयीचा असूच कसा शकेल, हे त्यांचं तत्त्व आहे आणि त्यावर ते गारठून राहायला तयार आहेत.

खरी मजा फर्नेस सुरू होताना. हे यंत्र म्हणजे मूर्तिमंत संशय. वर थर्मोस्टॅटने ‘ऊब पाहिजे’ म्हटलं की खाली लगेच आग लागत नाही. आधी एक छोटा पंखा फिरून नळ्यांतली जुनी हवा बाहेर काढतो. तो खरंच फिरतोय का, याची खात्री एक दाबाचा स्विच करून घेतो. मग एक इग्नायटर लालभडक तापतो. मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, भप्पकन ज्योत येते. तरी विश्वास नाहीच! ज्योतीत एक बारीक सळई खुपसलेली असते, तिचं काम एवढंच की ज्योत आहे, अशी साक्ष द्यायची. तिने साक्ष दिली नाही तर काही सेकंदांत गॅस बंद. पुन्हा पहिल्यापासून. असं काही वेळा झालं की यंत्र रुसून बसतं आणि एक छोटा दिवा ठरावीक वेळा मिचकावत राहतं. किती वेळा मिचकावला की काय बिघडलं, याचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. दार काढलं की एक सुरक्षेचा स्विच सुटतो आणि वीज जाते. म्हणजे दिवा लुकलुकतो तेव्हा तक्ता दिसत नाही, आणि तक्ता दिसतो तेव्हा दिवा विझलेला असतो. म्हणून दाराच्या गोल काचेतून एकाने मिचकावे मोजायचे. हे काम बॅटरी धरणाऱ्याकडे येतं, आणि त्याने सांगितलेल्या आकड्यावर करणाऱ्याचा विश्वास नसतो. ‘तीन की चार?’ ‘तीन.’ ‘नक्की?’ ‘चार असतील.’ एवढं झालं की ती स्वतः येऊन मोजते.

एका जानेवारीत सासरे आमच्याकडे होते. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले, सांगलीचे. बर्फ बघायला मिळावा म्हणून हट्टाने थंडीत आलेले. एका रात्री फर्नेस पेटून विझायला लागली. पेटायची, चार-पाच सेकंदांत विझायची. आम्ही तिघं बेसमेंटमध्ये. बायकोने मुख्य स्विच बंद केला, दार काढलं, नट-ड्रायव्हरने एकच स्क्रू सोडवला आणि ती साक्षीदार सळई अलगद बाहेर ओढली. पेन्सिलीहून बारीक, बुडाशी पांढरी चिनी मातीची बोंडी, टोकाकडे राखट थर. पूर्वी एकदा माणूस बोलावला होता, त्याने हेच केलं होतं आणि मुलीच्या महिन्याच्या पियानोच्या फीएवढे पैसे घेऊन गेला होता. बायको तेव्हा त्याच्या खांद्यावरून सगळं बघत होती. जाताना त्यानेच तिला सांगितलं, ‘बाई, पुढच्या वेळी हे तुम्हीच करा. मात्र शेजारच्या इग्नायटरला बोट लावू नका, हाताचं तेल लागलं तर तो पुढे तडकू शकतो. आणि गॅसच्या व्हॉल्व्हला तर कधीच हात नाही.’

तिने बारीक स्टील वूल घेऊन सळई हलक्या हाताने पुसायला सुरुवात केली.

‘म्हणजे स्टोव्हला पिन मारल्यासारखंच की!’ सासरे म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. इतका वेळ हे यंत्र अमेरिकन होतं, आता ते त्यांच्या ओळखीचं झालं.

मी बॅटरीचा झोत न हलवता त्यांना शास्त्र सांगितलं: ज्योतीतून वीज वाहू शकते, सळईतून अगदी सूक्ष्म प्रवाह जातो, काही मायक्रोअँपिअर फक्त. मायक्रोअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग. सळईवर पुटं चढली की तेवढाही जात नाही, आणि समोर आग असून यंत्राला ती कळत नाही.

‘एवढ्याशा विजेसाठी आमच्याकडे कोणी आकडासुद्धा टाकला नसता,’ सासरे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, ‘जावईबापू, तुमच्या या पदाला आमच्या मंडळात हेल्पर म्हणतात. पण त्याला पगार असतो.’

‘बॅटरी नीट धर,’ खालून आवाज आला.

सळई जागेवर गेली, फर्नेस पेटली आणि पेटलेली राहिली. सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी घराला बाहेरून प्रदक्षिणा घातली आणि धावत आत आले. गॅसचा धूर भिंतीतून प्लॅस्टिकच्या पाइपाने बाहेर पडतोय! वितळत कसा नाही? हे त्यांना पटवायला मला अख्खी सकाळ लागली. नव्या फर्नेस गॅसमधली ९५ टक्क्यांपर्यंत उष्णता घरातच काढून घेतात, त्यामुळे बाहेर जातो तो नुसता कोमट वाफारा. त्यातल्या वाफेचं आतच पाणी होतं, तेही जरासं आंबट, आणि त्याची वेगळी नळी मोरीकडे जाते. ती तुंबली तरी फर्नेस बंद पडते. ‘म्हणजे आगीच्या यंत्रात पाणी साठून आग विझते,’ ते म्हणाले. ‘आणि तुम्ही म्हणता भारतात कारभार विचित्र.’ मी असं कधीच म्हटलेलं नाही, पण जावयाने वाद घालू नये.

थर्मोस्टॅटवरून मात्र घरात उभा दावा. मला ६८ अंश पुरतात, म्हणजे आपले २० सेल्सिअस. बायकोला ७०. सासरे रात्री शाल पांघरून, कोणी बघत नाही ना हे बघून, ७४ करत. विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचं पेटंट १८८३ मध्ये घेणारे वॉरन जॉन्सन हे विस्कॉन्सिनमध्ये व्हाइटवॉटरला शिक्षक होते. वर्गात किती ऊब आहे ते बघायला शिपाई सारखा आत यायचा, त्याचा त्रास चुकवायला त्यांनी हे शोधलं म्हणतात. आमच्याकडे शिपाई गेला, त्याच्या जागी तीन माणसं पाळीपाळीने फेऱ्या घालू लागली. हा तंटा शेवटी राज्याने मिटवला. २०१९ च्या जानेवारीअखेर ध्रुवावरची थंडी मिशिगनवर उतरली होती आणि नेमकी तेव्हाच गॅसच्या एका मोठ्या केंद्राला आग लागली. रात्री सगळे मोबाइल एकदम किंचाळले: थर्मोस्टॅट ६५ किंवा त्याखाली आणा. सासऱ्यांनी तो संदेश दोनदा वाचून घेतला, मुकाट्याने कानटोपी घातली आणि म्हणाले, ‘भारनियमन म्हणा ना सरळ.’ त्यांना अमेरिका पहिल्यांदाच घरच्यासारखी वाटली असावी.

आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं सांगायलाच हवं. वर बायका काळ्या साड्यांत, खाली बेसमेंटमध्ये नवरे. डेट्रॉइटला मराठी नवरा म्हणजे बहुतेक वेळा मोटारींचा इंजिनीअर. मध्येच फर्नेसची घरघर थांबली, थोड्या वेळाने वरून निरोप आला की गार वाटतंय. झालं! डझनभर इंजिनीअर खोक्याभोवती उभे राहिले. एकाने दाबाच्या स्विचवर संशय घेतला. दुसऱ्याने पंख्याच्या बेअरिंगचा आवाज आधीपासूनच येत होता असं शपथेवर सांगितलं. तिसरा इंजिनात सिलिंडर मिसफायर कसा ओळखतात त्यावर बोलू लागला, आणि त्याचं बोलणं इतकं चांगलं होतं की मूळ विषय मागे पडला. सगळ्यांच्या हातात मोबाइलच्या बॅटऱ्या. एकाच्याही हातात पाना नाही. एवढा उजेड त्या फर्नेसने जन्मात पाहिला नसेल. बायको तिळगुळाचं ताट घेऊन खाली आली, प्रत्येकाच्या हातावर एकेक लाडू ठेवला आणि जाता जाता जिन्याजवळच्या भिंतीवरचा लाल पट्टीचा स्विच वर केला. तो फर्नेसचा मुख्य स्विच. दिसतो मात्र दिव्याच्या बटणासारखा, आणि कोणीतरी दिवा समजून तो बंद केला होता. कोणी, ते अजून उघडकीला आलेलं नाही. सगळ्यांनी गोड खाल्लं होतं, त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

तिचे नियम कडक आहेत, आणि ते नसते तर हा लेख विनोदी झाला नसता. गॅसला मुळात वास नसतो, तो मुद्दाम मिसळतात. टेक्सासमधल्या न्यू लंडनला १९३७ मध्ये न कळलेल्या गळतीने एका शाळेत स्फोट झाला, शेकडो मुलं गेली, त्यानंतर तो वास घालायची सक्ती होत गेली. म्हणून तो वास आला की बटणाला, दिव्याला हात न लावता आधी घराबाहेर, मग फोन. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नाही, रंगही नाही. त्याचे अलार्म आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर आहेत आणि नोव्हेंबरात घड्याळं मागे करायच्या दिवशी त्यांचे सेल बदलले जातात. फिल्टर, सळई, पाण्याची नळी एवढं तिचं. बर्नर, व्हॉल्व्ह, नळ्यांना चीर गेली का ते तपासणं, याला परवानावाला माणूस, दर वर्षी, कितीही पैसे पडोत. तो आला की बॅटरी त्याची त्याची असते. मी तरी माझी घेऊन उभा राहतो.

गेल्या दिवाळीत मुलीने आईला भाऊबीजेच्या ओवाळणीच्या पैशांतून कपाळाला बांधायचा दिवा आणून दिला. पट्टा आवळला की बघावं तिकडे उजेड, हात दोन्ही मोकळे. बायकोने तो लावून फर्नेसचं दार काढलं आणि मी बॅटरी उचलणार तोच म्हणाली, ‘राहू दे.’ मी मागे उभा राहिलो. हातांचं काय करावं ते कळेना. तिने न बघता मागे हात केला आणि माझ्या तळव्यावर एक स्क्रू ठेवला. मग दुसरा. ‘सांभाळ हे. हरवू नकोस.’

सांगलीला फोन केला तेव्हा सासऱ्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसले. म्हणाले, ‘अहो, ही बढती आहे! हेल्परचे थेट स्टोअरकीपर झालात. आमच्याकडे यासाठी माणसं मंत्रालयापर्यंत वशिले लावायची. आता एकच लक्षात ठेवा, जावईबापू: सही घेतल्याशिवाय स्क्रू हातचा सोडायचा नाही.’