आमच्या पाण्याची बिअर

टेंभुर्णी म्हटलं की लोक आधी पुणे-सोलापूर हायवेवरची धरतात. आमची ती नव्हे. आमची जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. जालना प्रसिद्ध आहे ते मोसंबी, बियाणं आणि लोखंडी सळयांसाठी. यातलं पिण्याजोगं एकच, आणि मोसंबीवर माझं भागत नाही. म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या वाळूज एमआयडीसीच्या बिअरला मी ‘आपली’ मानतो. वर नाव डेन्मार्कचं असो की ऑस्ट्रेलियाचं, मी बाटली फिरवून बारीक अक्षरांत आधी वाळूज शोधतो. सापडलं की जीव भांड्यात पडतो, बिअर ग्लासात.

सरकारचं मत मात्र वेगळं. 1949च्या दारूबंदी कायद्याखाली मी रीतसर काढलेल्या परवान्यानुसार मी जे पितो ते विदेशी मद्य आहे, आणि ते मी प्रकृती टिकवण्यासाठी पितो. हे दुसरं कलम मी बायकोला वाचून दाखवलं. तिने परवाना उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “यावर कुठल्या डॉक्टरची सही आहे?”

माझा भाचा वाळूजच्या एका बिअर कारखान्यात क्वालिटीत आहे. त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, पक्के माळकरी. पोरगा काय करतो असं कोणी विचारलं तर ‘फूड लाईनला आहे’ एवढंच सांगतात. त्याने मला कारखाना दाखवायचं ठरवलं तेव्हा दाजीही निघाले. मला वाटलं, पोराच्या काळजीपोटी. निघाले होते म्हशीपोटी. बिअरचा चोथा घातला की दूध वाढतं, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

गेटवर मोबाईल काढून घेतले, डोक्यावर जाळीची टोपी आली. दाजींनी ती स्वतःच्या गांधी टोपीवरच चढवली. भाचा सांगू लागला. बार्ली, म्हणजे आपला जव, भिजवून, मोड आणून, वाळवून राजस्थान-हरियाणाकडून येतो. इथे तो भरडून 65 अंशांच्या आसपास गरम पाण्यात ठेवतात, की पिठाची साखर होते. मग गाळणं, मग हॉप्स घालून उकळणं. कडूपणा त्या हॉप्सचा. ते युरोपातून येतात. दाजींनी वाफ हुंगली.

“हे तर कुरडयांच्या चिकावानी झालं. तुझी माय दर उन्हाळ्यात माळवदावर हेच करती. तिला कोणी प्लॉट नाही दिला एमआयडीसीत.”

“आबा, पुढे यीस्ट असतं.”

“ते तेवढं मायला सांगू नको.”

माझ्या डोक्यात वेगळाच हिशेब सुरू झाला होता. जव राजस्थानचा, हॉप्स युरोपचे, नाव परदेशी. मग माझ्या आपल्या बिअरमध्ये आपलं काय? भाच्याने शांतपणे सांगितलं, “मामा, पाणी. नव्वद टक्क्यांच्या वर.” म्हणजे जायकवाडीचं, पैठणच्या नाथसागराचं. संत एकनाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली होती. त्यांच्या नावाच्या जलाशयातलं पाणी आज माझ्यापर्यंत पोचतं, म्हणजे परंपरा चालू आहे.

आता मराठवाड्याने जगाला द्यावं असं पुष्कळ आहे, पण पाणी? 2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, तेव्हा औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने 60 टक्क्यांपर्यंत कापायला लावलं. आमच्या पारावर ही बातमी मोठ्याने वाचली गेली. निम्म्यांनी टाळ्या वाजवल्या, उरलेले बिअर शॉपीत किती साठा आहे ते बघायला गेले. टाळ्या वाजवणारेही मागाहून तिथेच भेटले.

लिटरभर बिअरमागे धुण्यापुसण्यासकट तीन-चार लिटर पाणी जातं, असं भाचा म्हणाला. दाजींनी लगेच टँकरला भागलं: एका टँकरच्या चार-पाच हजार बाटल्या! मी म्हटलं, दाजी, राज्यातल्या जेमतेम चार टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाचं दोनतृतीयांश पाणी पितो, त्याला लावा की हे गणित. दाजींचा साडू साखर कारखान्याचा संचालक आहे. ते टाक्यांकडे बघू लागले.

चोथ्याच्या ढिगापाशी मात्र ते खुलले. ओंजळीत घेतला, दाबला, दाताखाली धरला.

“म्हैस झिंगणार तर नाही?”

“नाही आबा, हा यीस्टच्या आधीच निघतो. दारूचा थेंब नाही यात.”

“मग बरंय.” आणि ट्रॉलीचा भाव काढून मोकळे झाले.

शेवटी एका गार खोलीत चव घ्यायची सोय होती. टेबलावर काचेचे ग्लास, त्यात सोनेरी, फेसाळ, पाच मिनिटांपूर्वीची ताजी बिअर. आणि गाडी मला चालवायची होती. दाजींच्या गळ्यात माळ, माझ्या हातात किल्ली. भाच्याने नाइलाजाने दोघांपुढे कारखान्यातलं शुद्ध केलेलं गार पाणी ठेवलं. दाजींनी एक ग्लास रिचवला, दुसरा मागितला, मिशा पुसल्या आणि पोराच्या पाठीवर हात ठेवला.

“पाणी तर एकदम झकास आहे रे. मग नासवता कशाला?”