दोन पायली तूर आणि रॉयल्टी

जुलैत आमच्या गावी, रोहण्यात, दोनच प्रकारची माणसं बेजार असतात. एक, वावरात डवरणी करणारी. दुसरी, त्यांच्या पोरांचं, जावयांचं आणि दुकानदारांचं रिटर्न भरणारी. पहिली गावभर आहेत, दुसऱ्या प्रकारात मी एकटाच. ही गोष्ट कुठून तरी एका कंपनीला कळली आणि फोन आला, "सर, तुमच्या तालुक्यासाठी आमची एकच फ्रँचायझी शिल्लक आहे."

तालुका कोणता, हे मात्र कंपनीनं मलाच विचारलं. आर्वी म्हटल्यावर जिल्हा विचारला. एवढ्या माहितीवर तिनं एकच जागा शिल्लक असल्याचा हिशेब कसा काढला असेल, याचं मला अजून कौतुक वाटतं.

मग मे महिन्यात त्यांचा माणूस आला. वर्ध्याच्या मे महिन्यात, टाय लावून. मी त्याला माठातलं पाणी दिलं, कूलर त्याच्याकडे वळवला आणि मगच फाईल उघडू दिली. फाईल छान होती. दर्शनी बोर्ड कंपनीचा, भिंतींचा रंग कंपनीचा, टी-शर्ट, सॉफ्टवेअर, हेल्पलाईन, शिवाय पाच किलोमीटरच्या परिघात दुसऱ्या कोणालाही शाखा न देण्याची लेखी हमी. माझ्यापासून पाच किलोमीटर कुठंही जा, कपाशी लागते, तूर लागते, सोयाबीन लागतं. त्यांच्यातलं कोणीही रिटर्न भरायच्या धंद्यात उतरण्याची भीती मला कधी वाटली नव्हती. एकरकमी फी सांगताना त्याचा आवाज एवढा खाली गेला, की मला कूलर बंद करावा लागला.

मी फाईलमधली पुस्तिका वाचायला घेतली. गिऱ्हाईक कुठं शोधावं, या प्रकरणात आयटी पार्क, मॉल आणि उच्चभ्रू सोसायट्या होत्या. आमच्याकडे बसस्टँड आहे. माझं गिऱ्हाईक म्हणजे पुलगावच्या दारूगोळा डेपोतून निवृत्त झालेले काकाजी, दोन-चार गुरुजी, भाड्यातून टीडीएस कापला गेलेला ट्रकवाला, जीएसटीचा नंबर घेऊन पस्तावलेला किराणावाला, आणि मुख्य म्हणजे शेतीचं उत्पन्न आयकरातून माफ असूनही रिटर्न भरणारा शेतकरी. जोडधंद्याला कर्ज मागायला गेलं की बँक म्हणते, तीन वर्षांचे रिटर्न आणा. मग तो माझ्याकडे येऊन म्हणतो, "भाऊ, तीन सालाचे एकदमच काढून दे." जणू रिटर्न झेरॉक्सच्या मशीनमधून निघतात.

या धंद्याची कुळकथा मोठी मजेची आहे. अमेरिकेत १९५५ साली कॅन्सस सिटीत हेन्री आणि रिचर्ड ब्लॉक या भावांनी एच अँड आर ब्लॉक काढली. तोवर तिथलं आयकर खातं लोकांचे फॉर्म आपल्या कार्यालयात फुकट भरून द्यायचं. ते त्यानं बंद करत आणलं आणि या भावांच्या दारात रांग लागली. पुढच्याच वर्षी ते न्यू यॉर्कला पोचले, पण तिथं जाऊन राहायची दोघांचीही तयारी नव्हती. तिथला धंदा त्यांनी तिथल्याच हिशेबनिसांना चालवायला दिला, आणि त्यांची पहिली फ्रँचायझी जन्माला आली. म्हणजे सरकारनं फुकटची सोय काढून घेतली म्हणून तिकडे हे दुकान चाललं. आपल्याकडे आयकराचं पोर्टल फुकट, जीएसटीचं पोर्टल फुकट, फॉर्म फुकट. कंपनी मला जे सॉफ्टवेअर विकत होती, त्याचा शेवटचा दरवाजा त्याच फुकटच्या पोर्टलमध्ये उघडतो.

आपल्या सरकारनंही २००६ साली एक योजना काढली होती, टॅक्स रिटर्न प्रिपेअरर नावाची. पदवीधर पोरांना शिकवायचं, त्यांनी नवे करदाते शोधायचे आणि भरलेल्या करावर पहिल्या वर्षी ३ टक्के, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी १ टक्का मोबदला घ्यायचा. योजना उत्तम. पण आमच्या भागातल्या बहुतेक रिटर्नांत कर शून्य निघतो, आणि शून्याचे तीन टक्के काढायला पदवी लागत नाही.

टायवाला रॉयल्टीवर आला. "सर, प्रत्येक पावतीवर कंपनीचा ठरावीक वाटा."

"आणि पावती नसली तर?"

"पावती का नसेल, सर?"

तेवढ्यात एक काकाजी थैली घेऊन आत आले. टेबलावर ठेवत म्हणाले, "मांगच्या सालचे तुये राह्यले होते ना, भाऊ. दोन पायली तूर हाय. पैशाचं दिवाळीले पाहू." थैली टाय आणि लॅपटॉप यांच्या मधोमध बसली. दोन-चार दाणे कीबोर्डवर सांडले.

"हे काय आहे, सर?"

"प्रोफेशनल फी."

त्यानं लॅपटॉपकडे पाहिलं. तिथं रोख, यूपीआय आणि कार्ड असे तीनच रकाने होते. "वाटा किलोत घेता का पायलीत?" असं मी विचारलं, पण ते प्रशिक्षणात झालेलं नसावं. खरं तर कायदा इथं त्याच्याहून हुशार आहे. हीच तूर काकाजींच्या वावरात असते तोवर शेतीचं उत्पन्न, म्हणून करमुक्त. तीच माझ्या टेबलावर आली की धंद्याचं उत्पन्न, बाजारभावानं मांडायची. दारातून आत येताना तुरीचा धर्म बदलतो.

काकाजी सगळं ऐकत होते. कंपनी येणार म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मंग उद्या नोटीस आली तं आमी कोनाले धराचं? कंपनीले का तुले?"

यावर टायवाल्यानं हेल्पलाईनचा नंबर दाखवला. काकाजींनी तो माझ्याकडे सरकवला.

आमच्या भागाला मालक एक आणि चालवणारा दुसरा, हा प्रकार नवा नाही. १९१७ साली सुरू झालेली पुलगाव-आर्वी ही ३५ किलोमीटरची नॅरोगेज लाईन. रूळ खासगी ब्रिटिश कंपनीचे, गाडी चालवणार जीआयपी रेल्वे आणि पुढे मध्य रेल्वे. फ्रँचायझीच म्हणा ना. गाडी बंद पडली, कंपनीचा माणूस गावात कोणी पाहिला नाही.

कंपनीच्या बाजूनंही बोललं पाहिजे. नियम दर महिन्याला बदलतात, ते एकट्यानं वाचत बसायचं म्हणजे डोळे जातात. ७ जून २०२१ ला आयकराचं नवं पोर्टल आलं आणि महिनोन् महिने असं अडखळलं, की रिटर्नची मुदत ३१ डिसेंबरवर गेली. त्या काळात विचारायला कोणी असतं तर बरं वाटलं असतं. पण तेव्हा हेल्पलाईनवाल्यांनाही फिरणारं चाकच दिसत होतं. २०२५ मध्ये १५ सप्टेंबरची मुदत रात्री उशिरा वाढवली, तीही एकाच दिवसानं. असल्या रात्री बोर्ड कोणत्या रंगाचा आहे याला काडीची किंमत नसते.

आणि नोटीस म्हणाल, तर निम्म्या नोटिसा नोटिसा नसतातच. रिटर्नची छाननी बंगळुरूच्या केंद्रात होते. ती झाली की कलम १४३(१) खाली कळवतात, बऱ्याचदा फक्त एवढंच, की तुमचा हिशेब आमच्याशी जुळला. हा मेसेज लोकांना नेमका रात्री दिसतो. डेपोतले एक काकाजी बनियनवर आले होते, मोबाईल जळत्या निखाऱ्यासारखा दोन बोटांत धरून. मी तो वाचला, उलट अठराशे रुपये परत येणार होते. मग ते ओट्यावर बसले, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "सरकारनं चांगली बातमी चांगल्या भाषेत सांगाले काय होते जी?" अशा फेरीची पावती कोणत्या रकान्यात टाकायची, ते त्या पुस्तिकेत नव्हतं.

मला खटकली ती वेगळीच गोष्ट. "रिफंड जितका मोठा तितकं आपलं कमिशन मोठं," असं टायवाला सहज बोलून गेला. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्यानं देशभर दीडशे ठिकाणी तपास केला, तो याच धंद्यावर: खोटं घरभाडं, खोट्या देणग्या, खोटं शैक्षणिक कर्ज दाखवून रिफंड काढून देणारे मध्यस्थ. रिफंडवर टक्केवारी घेणारा रिफंड वाढवणारच. मी ठरावीक फी घेतो, तुरीत का होईना, त्यामुळे कोणाचा रिफंड फुगवून माझा काही फायदा नाही. बोर्ड मी घेतला नाही. तो वाईट सौदा आहे, निदान रोहण्यापुरता. शहरात ज्याला गावचं नावही कोणी विचारत नाही, त्यानं खुशाल घ्यावा.

तुम्ही मात्र रिटर्न कंपनीकडून भरा की ओट्यावरच्या माणसाकडून, एवढं करा: पोर्टलवर मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाका, पासवर्ड स्वतःजवळ ठेवा, आणि सही करण्याआधी वजावटींचा रकाना एकदा वाचून घ्या. न केलेली देणगी तिथं दिसली, तर विचारा.